मळवायचं किती?

छोट्या रेल्वेचं, म्हणजे मॉडेलचं, नवं इंजिन डब्यातून बाहेर काढलं की माझं पहिलं काम असतं ते मळवणं. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. परदेशातून मागवलेली, कस्टम भरून सोडवलेली वस्तू, शोकेसमध्ये ठेवावी अशी लख्ख. आणि तिचा मुलगा रविवारी सकाळी पेपर अंथरून तिच्यावर काळपट तपकिरी पाणी फासत बसलेला. "अरे, घरातलं एक भांडं कधी घासलं नाहीस, आणि नव्या वस्तूला काजळी लावायला अख्खी सकाळ?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते ओट्यापाशी उभं राहून देता येण्यासारखं नाही.

स्वच्छ मॉडेल खेळणं दिसतं, हे ते उत्तर. माझं सगळं काम एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या 87 व्या हिश्शात चालतं. टेबलाशी बसून दोन फुटांवरून इंजिन बघायचं म्हणजे खऱ्या इंजिनापासून पावणेदोनशे फुटांवर उभं राहायचं. तेवढ्या अंतरावरून काहीच चकाकत नाही. लाल रंग थोडा विटका दिसतो, काळा हा काळा न राहता राखाडीकडे झुकतो, मध्ये हवा असते, धूळ असते. कारखान्यातून आलेल्या मॉडेलवर मात्र रंग जसाच्या तसा डब्यातला, आणि खाली प्लास्टिकची चमक. म्हणून मळवायचं. प्रश्न एवढाच की कशाने, कुठे आणि किती. माझी बरीच वर्षं या 'किती'मध्ये गेली आहेत.

मापाचा हिशेब सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. डब्ल्यूडीएम-2 हे आपल्या ओळखीचं जुनं डिझेल इंजिन 17 मीटरांहून थोडं लांब, वजन 112 टनांच्या वर. मॉडेलमध्ये ते जेमतेम 20 सेंटिमीटर. इथवर सोपं. गोची रुळांच्या रुंदीत आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 87 ने भागलं की साधारण 19.2 येतात. बाजारात मिळतो तो एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजवर बेतलेला आहे. बाजूने बघताना फरक कळत नाही, पण समोरून आपलं धिप्पाड इंजिन पाय जवळ घेऊन अवघडून उभं राहिल्यासारखं दिसतं. काही कट्टर मंडळी 19.2 चे रूळ हाताने घालतात. त्यांना माझा दंडवत. मी 16.5 वरच समाधानी आहे, आणि गाडीकडे कोणाला थेट समोरून बघता येऊ नये अशी टेबलाची मांडणी केली आहे.

पुण्याच्या माणसाने रेल्वे करायची म्हणजे घाट करायचा, याला पर्याय नाही. भोर घाटातून 1863 मध्ये गाडी सुरू झाली. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. आकडा कागदावर किरकोळ वाटतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर वरच्या विजेच्या तारा धरून मध्ये साधारण 8 सेंटिमीटर उंची लागते, आणि 37 ला 1 ने तेवढं चढायला 3 मीटर. माझी खोलीच 3 मीटरची. कर्जत ते लोणावळा हे 28 किलोमीटर मापात बसवायचे तर 320 मीटर हवेत, आणि उंची दोन मजल्यांची. जिन्यातून रूळ वर न्यायचा प्रस्ताव मी अजून सोसायटीच्या सभेत मांडलेला नाही.

मग गाळायचं. काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवण्यात जास्त दिवस जातात. माझ्याकडे घाटातल्या ठाकूरवाडीच्या अंगाने एक बोगदा, एक दगडी कमानींचा पूल, दरीकडची बाजू आणि एक कॅच सायडिंग (ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायचा बाजूचा रूळ) एवढंच आहे. स्टेशन नाही. स्टेशन केलं की माणसं आली, बाकडी आली, पाट्या आल्या, आणि घाट मागे पडतो. डेक्कन क्वीनचा 17 डब्यांचा जुना रेक मापातसुद्धा 4 मीटरच्या वर जातो, म्हणजे गाडीचं तोंड बोगद्यात असताना शेपूट खिडकीबाहेर हवं. माझी डेक्कन क्वीन 7 डब्यांची आहे. कोणी टोकलं की सांगतो, 1 जून 1930 ला ती पहिल्यांदा धावली तेव्हा 7 डब्यांचीच होती. पुण्यात पुरावा दिला की वाद संपतो. निदान त्या दिवसापुरता.

डोंगर करणं मात्र आम्हाला कोणी शिकवायला नको. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला माणूस अर्धा मॉडेलर असतोच. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर मातीचा हात, गेरूचे पट्टे आणि कडेकपारीत पेरलेले अळीव. परदेशी पुस्तकांत तारेची जाळी आणि प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड असतं, पद्धत तीच. फरक असा, की किल्ल्यावर महाराज नेहमी बुरुजापेक्षा उंच असत आणि मावळा दरवाज्यात मावत नसे, तरी कोणाचं काही अडत नसे. ज्याला ते लहानपणीच खटकलं तो पुढे या नादाला लागतो. पुण्यात हा नाद काही आजचा नाही. कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे, आणि आमच्यातल्या कित्येकांचं बोट धरून कोणीतरी पहिल्यांदा तिथेच नेलं होतं. दिवसातून अनेकदा लोकांसमोर चालवायची गाडी आणि माझ्यासारख्याने रविवारी काढायची गाडी यांचे धर्म वेगळे. तिथली गाडी थांबून चालत नाही. माझी थांबली तर मी चहा करायला जातो.

डोंगराला पूर्वी थर्माकोल वापरायचो. गणपतीच्या आराशीबरोबर 2018 मध्ये तो सजावटीतून गेला. आता छतावर उष्णतारोधक म्हणून घालतात त्या घट्ट फोमच्या पाट्या वापरतो, आणि खरं तर त्याच बऱ्या. खडकाचे तयार साचे परदेशातून येतात ते टोकदार, वेडेवाकडे, आल्प्समध्ये शोभणारे. सह्याद्रीचा खडक तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, म्हणून कडा पायरीपायरीने उतरतो. फोमच्या पाट्या आडव्या रचून कडा सुरीने तोडायच्या (कापायच्या नाहीत, तोडायच्या), म्हणजे बेसाल्टची ठेवण आपोआप येते. रंगाच्या बाबतीत सगळे एकच करतात: सगळा डोंगर करडा. घाटात नीट बघा. पावसात भिजलेला कातळ काळाभोर, उन्हात तोच तपकिरी, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीची एक पट्टी. ती पट्टी ओढली नाही तर डोंगर कुठलाही होतो.

महिनाही ठरवावा लागतो. बरेच जण जुलै निवडतात, कारण धबधबे. पण जुलैच्या घाटात धुक्याशिवाय दिसतं काय? माझ्या टेबलावर सप्टेंबर चालू आहे. गवत उंच झालंय, टोकाला किंचित पिवळं पडतंय, धबधबे बारीक झालेत आणि पठारावर सोनकी फुललीय. 87 व्या हिश्शात सोनकी म्हणजे पिवळी पूड. तिथे हळद वापरू नये, उजेडाने उडते. साधा पिवळा रंग बारीक भुश्यात कालवावा. झाडांचं दुखणं वेगळं. विकतची झाडं सूचिपर्णी, नाहीतर सगळी एका उंचीची. जांभूळ, हिरडा, अंजन यांचा गच्च, गोलसर आकार त्यांना येत नाही. तुळशीच्या वाळक्या काटक्यांचं फांद्यांचं जाळं हुबेहूब झाडासारखं असतं. आईने त्या दिल्या, पण "पायदळी जाणार नाहीत एवढं बघ" असं बजावून. टेबल कमरेइतकं उंच आहे, तेव्हा तोही प्रश्न नाही.

रुळांखालची खडी हा ज्याला कंटाळवाणा भाग वाटतो त्याने हा परिच्छेद सोडावा. मला वाटत नाही. आपल्याकडे खडी साधारण 65 मिलिमीटरपर्यंतची. मापात ती पाऊण मिलिमीटरची होते. पाकिटात मिळणारी बहुतेक खडी मोठी निघते आणि रूळ धोंड्यांवर टाकल्यासारखे दिसतात. बांधकामावर मिळणारी कच आणायची, धुऊन वाळवायची, रव्याच्या चाळणीतून गाळायची आणि खाली पडेल ती पुन्हा मैद्याच्या चाळणीवर घ्यायची. त्या चाळणीवर उरते ती आपली. (चाळण्या स्वतंत्र घ्याव्यात. हे सांगायची गरज नसावी.) रंग आयता मिळतो, कारण दगड तोच. पण त्यानंतर तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं, चुकवायचं नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं; चुंबकाला काळी लव चिकटते. ती तशीच राहिली तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक तिला ओढून घेतं आणि पुढच्या पावसाळ्याआधी मोटर करकरायला लागते. मग मऊ ब्रशने खडी बसवायची, स्प्रेने ओली करायची आणि फेव्हिकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर थेंब खडीवर मण्यासारखा बसून राहतो. असेल तर क्षणात आत शिरतो, आणि हे बघण्यात जे सुख आहे ते फुकट आहे.

दुरुस्तीत मला बनवण्याइतकाच रस आहे, कधी कधी जास्त. जुनी इंजिनं फिरत फिरत हातात येतात. कोणाच्या काकांनी परदेशातून आणलेलं, माळ्यावर वीस वर्षं पडलेलं, "बघ रे चालतंय का" म्हणून दिलेलं. उघडण्याआधी ऐकायचं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' आला तर ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर उकललेला असतो. तो धातूच्या ॲक्सलवर घट्ट दाबून बसवलेला, वर्षानुवर्षं ताणाखाली. शेवटी दोन दातांच्या मध्ये चिरतो. चीर केसाएवढी, पण तेवढ्याने दातांतलं अंतर वाढतं आणि समोरचा गिअर तिथे आला की ठेचकाळतो. टक् भराभर येत असेल तर दुखणं वर, मोटरकडे. नुसती कुरकुर असेल तर ग्रीस वाळून मेण झालंय. पुसून काढायचं, अल्कोहोलने धुवायचं, आणि तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त तेल घालणारे लोक प्रेमळ असतात. त्यांची इंजिनं माझ्याकडे येतात.

हत्यारं सगळी घड्याळजीची. डोळ्याला लावायचं भिंग, पितळी चिमटे, बारके पेचकस. यांतलं बरंचसं जुन्या बाजारात रविवारी मिळालं. वायर, रेझिस्टर, एलईडी तपकीर गल्लीत. रसायनं आणि रंगांची पूड रविवार पेठेत. स्टायरीनच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, पाट्या आर्किटेक्चरची पोरं जिथून सामान नेतात तिथे. दुकानदाराला "कशाला हवंय?" याचं खरं उत्तर देऊ नये. दिलं तर अर्धा तास जातो, किंमत कमी होत नाही.

सध्या टेबलावर खेकडा आहे. घाटात वीज आल्यावर मालगाड्या ओढायला जी इंजिनं आणली, डब्ल्यूसीजी-1, त्यांना चालवणारे खेकडाच म्हणत. उभं असताना चमत्कारिक कण्हायचं आणि चालताना हेलकावे खायचं, म्हणून. अशी 41 इंजिनं होती. काही स्वित्झर्लंडमध्ये, बाकीची इंग्लंडमध्ये बांधलेली. मध्ये केबिन, पुढे-मागे लांब नाकं, आणि विजेचं इंजिन असूनही वाफेच्या इंजिनासारखे चाकांना जोडणारे दांडे. त्या दांड्यांनीच माझा जीव खाल्लाय. एका बाजूच्या चाकावरची दांड्याची खीळ दुसऱ्या बाजूच्या खिळीपेक्षा काटकोनात पुढे असावी लागते, आणि तिन्ही ॲक्सलना तो कोन तंतोतंत तोच. एका ॲक्सलचा कोन जरा हलला की फेऱ्यात एका ठिकाणी दांडे अडतात; दोन बोटांत धरून चाक फिरवलं की ती अडण बोटाला लागते. बॉडी स्टायरीनची, हाताने कापलेली. रिव्हेट्सची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) डोकी उठवायला बोथट सुईने पाटीच्या मागून एकेक टोचा. पट्टीला टेकवून, सारख्या अंतरावर, श्वास धरून.

घाट म्हटला की बँकर आलाच. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. टेबलावर हे करणं वाटतं त्यापेक्षा अवघड. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर स्वतःच्या नंबरला आलेला हुकूम तेवढा ऐकतो. त्यामुळे पुढचं आणि मागचं इंजिन वेगवेगळं चालवता येतं. पण मागचं जरा जास्त जोरात गेलं की वळणावर मधला डबा उचलून दरीत. हळू गेलं तर तेच ओझं होतं. दोघांचे वेग पायरीपायरीने जुळवायचे आणि डब्यांना वजन द्यायचं. अमेरिकेतल्या मॉडेलकारांच्या संघटनेचा नियम आहे: एचओ डब्याला 1 औंस, वर दर इंच लांबीला अर्धा. आपला जुना निळा डबा साधारण साडेनऊ-पावणेदहा इंच, म्हणजे 160 ग्रॅमच्या आसपास. भर घालायला जुनी जाड पाच रुपयांची नाणी उत्तम. एक नाणं 9 ग्रॅम, बरोबर डब्याच्या तळात बसतं. माझी डेक्कन क्वीन खऱ्या अर्थाने पैसे घेऊन धावते.

आता मळ. मळाला कारण असतं, हे कळायला मला वेळ लागला. सुरुवातीला सगळे जण इंजिन सगळीकडून सारखंच काळं करतात, आणि ते मळलेलं न दिसता भाजलेलं दिसतं. डिझेलचा धूर छतावर, धुराड्याच्या मागे-पुढे लांबट पसरतो. खाली येत नाही. विजेच्या इंजिनावर, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफच्या खालच्या छपरावर घासलेल्या कार्बनची काळी भुकटी, ती पावसाने कडेवरून रेषारेषांनी ओघळते. चाकांजवळ मात्र काळं नाहीच, तिथे तपकिरी-लाल. ते ब्रेकच्या लोखंडाचं पीठ. घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या खालच्या अंगावर ते इतरांपेक्षा जास्त असतं, कारण उतरताना सारखा ब्रेक. रंग पाण्यासारखा पातळ करून लावायचा, लगेच रुंद ब्रशने वरून खाली पुसायचा, उरेल तेवढाच उरू द्यायचा. वर कोरड्या रंगाची पूड. डब्यांच्या खिडक्यांखाली एखादी पानाची पिंक हवीच. पण एका डब्याला एकच. दोन केल्या की बघणारा हसतो, आणि त्याला गाडी दिसायची बंद होते.

हे सगळं मला येतं असं वाटत होतं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बघायला आले. रेल्वेतून निवृत्त, उभं आयुष्य घाटात गाड्या चालवण्यात गेलेलं. डब्ल्यूडीएम-2 हातात न घेता, वाकून, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे हो. पण दांडी मळकी कशी?"

"कुठली दांडी, काका?"

"चढायची. ती आम्ही दिवसातून पन्नासदा धरतो. तिला मळ कुठून राहील? रंगसुद्धा राहत नाही."

बरोबर होतं. केबिनच्या दाराशेजारची दांडी, दाराची मूठ, पायरीचा मधला भाग, खिडकीची कोपर टेकायची कड: हाताखालची, पायाखालची जागा चकाकते, आणि तिच्या भोवती मळ असतो म्हणून जास्तच चकाकते. मी त्याच संध्याकाळी पेन्सिलीचं शिसं घासून त्या दांड्यांना धातूची झाक दिली. काम पाच मिनिटांचं. इंजिनात माणूस बसतो हे त्यानंतर पहिल्यांदा दिसलं. आता मी फोटो बघताना मळ शोधतच नाही, तो कुठे नाही ते शोधतो. रुळांचंही तेच. बाजू गंजाने तपकिरी, डोकं आरशासारखं.

कॅच सायडिंगचा रूळ तेवढा याला अपवाद, आणि सध्या घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. घाट उतरताना ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढावर घालायची, म्हणून हे सायडिंग. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, मुळात त्याच्याच बाजूला लावलेले असतात; उतरणारी गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे याची खात्री झाली, की मगच पुढचा मार्ग मिळतो. गाडी तिथे सहसा जात नाही, म्हणून त्या रुळाचं डोकंसुद्धा गंजलेलं. मॉडेलमध्ये रुळाच्या डोक्यावर रंग लावणं महापाप, कारण वीज तिथूनच चाकाला मिळते. पण इथे लावला. पूर्ण तांबूस गंज, अगदी वरपर्यंत. आणि गंमत म्हणजे एखादी गाडी खरंच तिकडे गेली तर वीज तुटून जागच्या जागी उभी राहते. खऱ्या सायडिंगला जे काम करायला चढ आणि वाळू लागते ते माझ्याकडे एका ब्रशच्या फटकाऱ्यात झालं. काकांना हे फार आवडलं. भाच्याला मात्र मुद्दाच कळलेला नाही. तो आला की प्रत्येक गाडी तिकडेच घालतो, आणि ती हाताने ढकलून बाहेर काढताना गंज खरवडून निघतो. परवा पुन्हा रंगवला.